चौकस खिडकी

मुलांनो, घराला खिडकी कशाला असते? वारा यायला, उजेड यायला आणि दारात कोण आलंय ते डोकावून बघायला! संगणकालाही खिडक्या असतात. त्यांतली एक मात्र भारी चौकस बरं का! ती मध्येच उघडते, प्रश्न विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत जागची हलत नाही. चित्र काढून झालं, तुम्ही बंद करायला गेलात की विचारते, ‘जतन करू का?’ हिचं नाव डायलॉग विंडो. आपण तिला संवाद-खिडकी म्हणू या.

या खिडकीत काय काय असतं? लिहायला रिकामा रकाना, निवडायला यादी, दाबायला बटणं. यांतली दोन बटणं समजायला आमचं जाम गाव फार सोयीचं. नागपूरहून आलेली गाडी जामच्या चौरस्त्यावर पोचली की ड्रायव्हरला ठरवावं लागतं, सरळ हिंगणघाटकडे जायचं की वळून वरोऱ्याकडे? दोन्हीकडे एकदम जाता येत नाही. अशा प्रश्नाला गोल बटणं लावतात. एक दाबलं की दुसरं आपोआप सुटतं. त्याला रेडिओ बटण म्हणतात, कारण जुन्या मोटारींतल्या रेडिओची बटणं अशीच होती. एक आत गेलं की आधीचं टुणकन वर! पण त्याच चौरस्त्यावर गाडी थांबवून चहा, तर्री-पोहे, समोसा यांतलं काहीही घ्या, तिन्ही घ्या, नाहीतर काहीच घेऊ नका. तिथे चौकोनी खुणेचे रकाने हवेत.

आता प्रश्न असा, की संगणकाला प्रत्येक बटण नव्यानं शिकवावं लागतं का? नाही! आई करंजीचा साचा एकदाच आणते. करंज्या मात्र त्यातून हव्या तेवढ्या निघतात. कुणात खोबऱ्याचं सारण, कुणात रव्याचं. प्रोग्रॅमिंगमध्ये साच्याला ‘क्लास’ म्हणतात आणि त्यातून निघालेल्या वस्तूला ‘ऑब्जेक्ट’. बटणाचा साचा एक, त्यातून निघालेल्या एका बटणावर ‘ठीक’ लिहिलं, दुसऱ्यावर ‘रद्द’. शिवाय एका साच्यावरून दुसरा साचाही बनतो. साध्या खिडकीला उघडता येतं, बंद होता येतं. तिच्यावरून संवाद-खिडकीचा साचा केला, की हे दोन्ही गुण तिला आयतेच मिळतात, जसं आजीचं नाक नातीला मिळतं! आपण फक्त प्रश्न विचारण्याचा गुण वाढवायचा.

ही युक्ती नॉर्वे देशातल्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी १९६७ च्या ‘सिम्युला’ या भाषेत आणली. पुढे अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्मॉलटॉक’ भाषा तयार केली. १९७० च्या दशकात ती चक्क शाळेतल्या मुलांच्या हाती देऊन पाहिली. म्हणजे हे काम फक्त मोठ्यांचं, असं मुळीच नाही.

आमच्या वर्गातल्या पुस्तकपेटीसाठी आम्हीही अशी एक खिडकी करायला घेतली. पायथॉन नावाची भाषा फुकट मिळते, आणि खिडक्या, रकाने, बटणं यांचे तयार साचे तिच्यासोबतच येतात. वहीत नोंदी करण्याऐवजी संगणकावर करायच्या, एवढाच बेत. खिडकी उघडली, पण काहीच घडेना.

‘मॅडम, बटण दाबून राहिलो तरी हे काहून काही करत नाही?’ एकानं विचारलं.

कारण सोपं होतं. बटण दाबलं गेलं हे खिडकीला कळतं, पण मग काय करायचं ते आपण सांगावं लागतं. ‘ठीक’ दाबलं की एकेका रकान्याला विचार, तुझ्यात काय लिहिलंय? पुस्तकाचं नाव कोरं असेल तर थांब, नीट सांग आणि खिडकी उघडीच ठेव. सगळं बरोबर असेल तर नोंद कर आणि बंद हो. ‘रद्द’ दाबलं तर काहीही न लिहिता बंद हो. एवढं लिहिल्यावर खिडकी शहाण्यासारखी वागू लागली.

मग आला खरा प्रश्न. कोणते रकाने भरायलाच हवेत? मुलांनी भराभर सांगितलं, मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तेवढ्यात मागून एक पोरगी हळूच म्हणाली, ‘मॅडम, माझ्या घरी आई आन् आजीच आहे. तो रकाना रिकामा ठेवला, तर मले पुस्तक भेटन नाही का?’

वर्ग एकदम गप्प झाला. खिडकी तर आमची आम्हीच केलेली. तिला ‘नाही’ म्हणायला शिकवणारेही आम्हीच!

मी विचारलं, ‘हा रकाना आपल्याला कशाला हवा?’ पुष्कळ विचार करून उत्तर आलं, पुस्तक परत आलं नाही तर घरी कुणाला विचारायचं ते कळायला. मग तेवढंच विचारू या की! आम्ही तो रकाना काढला आणि लिहिलं, ‘घरी कुणाला विचारायचं?’ खाली यादी दिली : आई, वडील, आजी, आजोबा, आणखी कुणी. त्या पोरीनं आजी निवडली आणि पुस्तक घेऊन गेली.

रकान्यांचा असा विचार मोठी माणसंही करतात. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला.

आणि रकाना भरायलाच हवा म्हटलं की काय होतं, ते आजोबांना विचारा. पूर्वी कितीतरी मुलांची जन्मतारीख घरी कुणी लिहून ठेवलेली नसे. शाळेच्या रजिस्टरात तर तारीख हवीच! मग गुरुजी १ जून टाकत. म्हणून आपल्याकडे इतक्या आजी-आजोबांचा वाढदिवस १ जूनला येतो. रकाना भरला, पण खरी तारीख हरवलीच ना?

आता एक काम करा. कागदावर तुमच्या वर्गासाठी अशी एक खिडकी काढा. गोल बटणं कुठे, चौकोनी कुठे, ते ठरवा. मग प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून विचारा, ‘हा कशाला हवा?’ आणि ‘ज्याच्याजवळ याचं उत्तर नाही, त्यानं काय करायचं?’ उत्तर सापडलं, तर तुमची खिडकी निम्मी तयार झाली समजा!