पाट, पेटी आणि पेडल

चाळिशी उलटली की डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात, साखर कमी करा म्हणतात. 'गिटार सुरू करू नका' असं मात्र एकही डॉक्टर सांगत नाही. माझ्यासारख्या पापभीरू कारकुनाची फसगत होते ती इथेच.

तसा दोष माझा नाही. भाचा परदेशी जाताना आपली जुनी इलेक्ट्रिक गिटार मसोलीला आमच्या घरी 'सांभाळायला' ठेवून गेला. वीस वर्षं बँकेत लोकांच्या ठेवी सांभाळल्यावर या एका ठेवीचं व्याज आपण खावं, असं मला वाटलं. कारण जुनं होतं. 'यादों की बारात' हा १९७३ सालचा सिनेमा. त्यातल्या 'चुरा लिया'मधली भूपिंदर सिंग यांची गिटार ऐकून कॉलेजात असताना मी नानांकडे, म्हणजे वडिलांकडे, गिटार मागितली होती. नाना म्हणाले, "आधी बी.कॉम. हो." मी झालो. नंतर विषय निघाला नाही. मी काढला नाही आणि नानांनीही काढला नाही.

इलेक्ट्रिक गिटारचं एक दुखणं असतं. नुसती वाजवली तर डासाने सतार छेडल्याइतकाच आवाज येतो. त्यापेक्षा आमच्या डहाणू-तलासरीकडचा वारल्यांचा तारपा बघा. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. ना वायर, ना प्लग. पण एका पाड्यावर वाजला की पलीकडच्या पाड्यावरचे पाय थिरकायला लागतात. भोपळा हाच त्याचा अ‍ॅम्प! गिटारवाल्याला हा भोपळा वेगळा विकत घ्यावा लागतो. शाळेत मला तो भूमितीत फुकट मिळत असे.

मी हिच्याकडे रीतसर अर्ज केला. बारा हजार मंजूर झाले. दहा वॉटचा अ‍ॅम्प साडेचार हजार, ट्यूनर बाराशे, ओव्हरड्राइव्ह दोन हजार, डिले चोवीसशे, केबली नऊशे, अडॅप्टर सातशे. एकूण अकरा हजार सातशे. शिल्लक तीनशे.

पायाने दाबायच्या या डब्यांना पेडल म्हणतात. ट्यूनर तारा सुरात आहेत की नाहीत ते दिवा लावून सांगतो. डिले आपण वाजवलेलं थोड्या वेळाने पुन्हा ऐकवतो. आमचे साहेब हे काम विजेशिवाय करतात. ओव्हरड्राइव्ह चांगला आवाज मुद्दाम फाटका करतो. या फाटक्या आवाजाचा इतिहासही मोठा मजेशीर आहे. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सचं एक गाणं ध्वनिमुद्रित होत असताना यंत्र बिघडलं आणि वाद्य घरघरलं. १९६१ साली गाणं त्या घरघरीसकट बाहेर आलं, गाजलं आणि १९६२ साली तशी घरघर काढणारा डबा बाजारात विकायला आला. आमच्या शाखेतलं प्रिंटिंगचं यंत्र कित्येक वर्षं घरघरतंय, पण त्यासाठी कोणी दमडी देत नाही.

सगळं सामान मुंबईहून आणलं. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल येते, ही केवढी सोय! विरारपर्यंत शेजारचे गृहस्थ मांडीवरच्या अ‍ॅम्पकडे बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "मिक्सर केवढ्याला पडला?"

पेडलं एका फळीवर मांडायची असतात. मी देवघराजवळचा पाट घेतला. ही कडाडली, "अहो, नैवेद्याच्या पाटावर पाय ठेवणार?" मग चिकूची एक जुनी लाकडी पेटी फोडली आणि तिच्या पट्ट्या ठोकून फळी केली. अजून ओव्हरड्राइव्ह दाबला की मला चिकूचा वास येतो.

आता जोडणी. मी आधी डिले लावला आणि नंतर ओव्हरड्राइव्ह. परिणामी प्रत्येक प्रतिध्वनी फाटून एकमेकांत मिसळला आणि शेजारचं कुत्रं आमच्या ओट्यावर येऊन रडलं. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, आधी ट्यूनर, मग ओव्हरड्राइव्ह, शेवटी डिले." मला लगेच समजलं. चेकचंही असंच असतं: आधी सही तपासायची, मग पास करायचा, मग पैसे. क्रम उलटा झाला की खातेदार रडतो.

पुढे भाच्याने बजावलं, "अडॅप्टर नऊ व्होल्टचाच हवा. पिनेच्या आत ऋण, बाहेर धन. उलटा लावलास तर पेडल जळेल." आत ऋण, बाहेर धन! मध्यमवर्गाची इतकी नेमकी व्याख्या मी अर्थशास्त्राच्या पुस्तकातही वाचलेली नाही.

तरीही अ‍ॅम्पमधून अखंड 'घूंऽऽ' येत होतं. तारांना हात लावला की कमी, सोडला की पुन्हा सुरू. वायरमनने सॉकेट उघडून निदान केलं: तिसरं भोक नुसतं शोभेचं आहे, अर्थिंगच नाही. कॉमर्सच्या पदवीधराच्या घरात अर्थ नाही, हे त्याने चहा पिता पिता तीनदा सांगितलं. अर्थिंगचा खर्च हिने घरदुरुस्तीच्या खात्यात टाकला, म्हणून निभावलं.

तीन महिने बोटं सोलून घेतल्यावर एका पावसाळी संध्याकाळी मी घरच्यांसमोर 'चुरा लिया' वाजवायला बसलो. ट्यूनरचा हिरवा दिवा लागला. डिले सज्ज झाला. मी पहिली तार छेडली आणि वीज गेली.

बारा हजारांचं वैभव काळोखात बुडालं. मी गिटार खाली ठेवू लागलो, एवढ्यात नानांची काठी वाजली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात त्यांची जुनी बॅटरी. माझ्या शेजारी बसून त्यांनी उजेडाचा झोत बरोबर माझ्या डाव्या हाताच्या बोटांवर धरला.

"थांबलास का? वाजव."

मी वाजवलं. डासाच्या सतारीएवढं. दोनदा चुकलो. नानांना हल्ली कमी ऐकू येतं, पण ते पुढे वाकून ऐकत होते आणि बॅटरी धरलेला हात हलत नव्हता. गाणं संपल्यावर म्हणाले, "बी.कॉम.च्या वेळीच घेऊन द्यायला हवी होती."

एवढ्यात बॅटरी मंदावली आणि विझली. बरंच झालं. माझा चेहरा कोणाला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी शिल्लक तीनशेतून नानांच्या बॅटरीला सेल आणले. जरा जास्तच आणले. हिशेबात ते मी गिटारच्याच खात्यावर टाकले आहेत.