अवघड जागेचं दुखणं

"अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर" ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांवर वापरली. गेल्या वर्षी ती माझ्यावरच उलटली. आमचे जावई खरोखरच डॉक्टर आहेत, तेही हाडांचे, आणि दुखणं होतं ते... असो. सांगायला बसलोच आहे तर सांगून टाकतो. (बसलोय म्हणजे खाली दोन उश्या घेऊन बसलोय.)

आमचं कोपरगावात कापडाचं दुकान. वडील होते तोवर दुकानात गादी होती. पांढरीशुभ्र चादर, मागे लोड, आणि वडील दिवसभर मांडी घालून बसलेले. मध्येच एक पाय उभा करत, मध्येच लोडावर रेलत, गिऱ्हाईक आलं की गुडघ्यावर उठून ठाण उलगडत. आम्ही दुकान नवं केलं तेव्हा गादी गेली, काचेचं काउंटर आलं आणि काउंटरमागे प्लास्टिकची खुर्ची आली. त्या खुर्चीवर मी रोज दहा तास बसू लागलो. कॉम्प्युटर आल्यावर तर उठायचंही कारण उरलं नाही.

दुखायला लागलं उजव्या बाजूला. बसलं की ठणका, उठलं की बरं. मोटरसायकलवर तर विचारू नका, नगर-मनमाड रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला त्या एका ठिपक्यावर मोजता यायचा. मांडीच्या मागून कळ खाली उतरायची. एका डॉक्टरांनी उभ्याउभ्याच निदान केलं, "सायटिका". मग कमरेचा एमआरआय. त्यात एक चकती थोडी बाहेर आलेली निघाली. पन्नाशी उलटलेल्या बऱ्याच माणसांत ती निघते आणि त्यातल्या अनेकांना काही त्रासही नसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तीन महिने पट्टा बांधला, गोळ्या खाल्ल्या. फरक शून्य.

जावयांना सांगायची लाज. शेवटी मुलीनेच फोनवर सांगून टाकलं. पुढच्या रविवारी दोघं नाशिकहून आले. जेवणं झाल्यावर जावई आत येऊन म्हणाले, "बाबा, डाव्या कुशीवर झोपा. उजवा गुडघा छातीशी घ्या." आणि अंगठ्याने एकच जागा दाबली. मी कोकललो तो स्वयंपाकघरात ऐकू गेला.

"कंबर नाही," जावई म्हणाले. "तुम्ही ज्या हाडावर बसता ते हाड."

आत्ता वाचता वाचता दोन्ही हातांचे तळवे पालथे करून ढुंगणाखाली घ्या (हसू नका, मीही असंच शिकलो) आणि जरा इकडेतिकडे डुला. दोन टणक गोळे हाताला लागतील. तीच ही हाडं. डॉक्टर ह्या हाडाला इस्कियम म्हणतात, आणि शास्त्रीय पुस्तकांत ह्याचं एक सुरेख नाव आहे, आसनास्थी. कमरेच्या खुब्याचं हाड आपल्याला एकच वाटतं, पण लहानपणी ती तीन हाडं असतात. वरचं पसरट, पुढचं, आणि हे खालचं. पंधरा-सोळा वर्षांच्या सुमाराला ती खुब्याच्या खोबणीत एकजीव होतात. मांडीच्या मागचे मोठे स्नायू ह्याच गोळ्यापासून निघतात. म्हणून शाळेत शंभर मीटर जीव तोडून पळणाऱ्या पोराच्या ह्या हाडाचा तुकडा कधीकधी स्नायूबरोबर निघून येतो. पोराच्या वयात स्नायूपेक्षा वाढीचा सांधा कच्चा असतो, त्यामुळे.

आणि उभं राहिलं की ढुंगणाचा जाड स्नायू ह्या हाडावर पांघरुणासारखा असतो, पण बसलं की तो वर सरकतो. म्हणजे नेमकं बसताना हाड आणि पाट ह्यांच्या मध्ये उरतं काय, तर कातडी, थोडी चरबी आणि पाण्याच्या फुग्यासारखी एक चपटी पिशवी. माझी ती पिशवी सुजली होती. सायटिका हा शब्दसुद्धा ह्याच हाडाच्या जुन्या ग्रीक नावावरून आलेला. म्हणजे आमच्या पहिल्या डॉक्टरांनी नाव बरोबर गावातलं घेतलं होतं, घर चुकलं.

"ह्या आजाराला जुनं नाव आहे," जावई म्हणाले, "वीव्हर्स बॉटम. विणकराचं बूड."

मला हसू आलं, आणि मग येवला आठवलं. कोपरगावहून मनमाडकडे निघालं की तासाभराच्या आत येवला येतं. धंद्यामुळे तिथले दोन-तीन पैठणीवाले विणकर माझ्या ओळखीचे आहेत. किती वेळा त्यांच्या घरी गेलोय, चहा प्यायलोय, काठावरचे मोर आणि पदर निरखलेत, पण विणकर बसतो कसा हे कधी पाहिलंच नव्हतं. पुढच्या खेपेला पाहिलं. खड्डा मागाच्या कडेला फळी, तिच्यावर घडी केलेली गोधडी, पाय खड्ड्यात. पायांनी खालच्या पट्ट्या दाबायच्या, हातांनी रंगीत कांड्या एकेका धाग्यातून फिरवायच्या. पाय दाबताना भार एकदा ह्या हाडावर, एकदा त्या हाडावर. एका साडीला महिना-महिना, काम जड असलं तर कितीतरी जास्त. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची चौकट आम्ही दुकानदारांनीही मिरवली.

मी त्या विणकरकाकांना विचारलं, "बसून दुखत नाही का हो?"

"दुखतं की," ते मान वर न करता म्हणाले. "पण दुखणं कसलं, बसणंच आहे ते."

ह्यावर काय बोलणार. मी माझ्या तीन महिन्यांचं रडगाणं तसंच गिळलं.

जावयांनी औषध फारसं दिलं नाही. अर्ध्या तासाला उठायचं, मागच्या बाजूला खाच असलेली उशी घ्यायची, मांडीच्या मागचे स्नायू हळूहळू ताणायचे. दोन-अडीच महिन्यांत मी माणसात आलो. गोष्ट इथेच संपली असती तर मी ती लिहिलीही नसती.

माझा मावसभाऊ आप्पा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. २००९ च्या गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीवरून पडला आणि पाठीच्या मणक्यात मार लागला. कमरेखाली ना हालचाल, ना जाणीव. ऑपरेशन झालं, घरी आला, चाकाची खुर्ची आली. खुर्चीवर फोमची पातळ गादी. मणका, लघवीची नळी, व्यायाम, सगळं सांगून पाठवलं होतं. ह्या दोन हाडांबद्दल नीट कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर त्या धांदलीत आमच्या कुणाच्या डोक्यात शिरलं नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या वर्षी वहिनींना आंघोळ घालताना डाव्या बाजूला लाल डाग दिसला. डास चावल्यासारखा. दाबला तरी लाली जाईना. आम्ही काय केलं? हळद लावली. आणि बसायला मऊ म्हणून मी स्वतः कोपरगावातून मध्ये भोक असलेली हवेची ट्यूब नेऊन दिली. पुढे कळलं की अशा माणसाला ती ट्यूब देऊच नये. भोकाभोवतीच्या कड्यावर दाब येतो आणि मधल्या कातडीचा रक्तपुरवठा आणखीच तुटतो. दहा-बारा दिवसांत डागाचं भोक झालं, आणि आत लिंबाएवढी पोकळी. जखम वरून छोटी दिसते, कारण कुजायला सुरुवात आत, हाडालगत होते. आप्पाला काहीच कळत नव्हतं. तो खुर्चीत बसून टीव्हीवर क्रिकेट बघत होता आणि खाली हाड उघडं पडलं होतं.

ताप चढला तेव्हा पळापळ झाली. हाडात पू गेला होता. सर्जननी सडलेला भाग तासून काढला, बाजूचं मांस-कातडी फिरवून खड्डा भरला, आणि आप्पा सहा आठवडे पालथा. आम्हाला वाटलं होतं, त्रास देणारं हाडच काढून टाका की सगळं! सर्जननी समजावलं: एका बाजूचं पूर्ण काढलं तर सगळा भार दुसऱ्या बाजूवर जातो, तिथे जखम होते, आणि दोन्ही काढली तर मधल्या नाजूक जागेवर माणूस बसतो, तिथे लघवीचा मार्गच फाटतो. बसण्यासाठी ही दोन हाडं लागतातच.

अशा जखमेचं विष रक्तात पसरून माणूस जातो. सुपरमॅनचं काम करणारा ख्रिस्तोफर रीव्ह, घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झालेला, २००४ साली गेला तेव्हा त्याच्यावर अशाच दाबाच्या जखमेतल्या संसर्गाचे उपचार चालू होते. त्याच्याकडे पैसा होता, चोवीस तास माणसं होती. पूर्वी तर मणका मोडलेले सैनिक बहुतेक असेच जायचे. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमान नावाच्या डॉक्टरांनी ह्याला पायबंद घातला, आणि पद्धत ऐकाल तर साधी: दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची. म्हणे रात्री स्वतः फेरी मारून बघायचे. त्यांनीच अशा रुग्णांसाठी खेळ सुरू केले, त्यातून पॅरालिंपिक झालं, आणि तिथे १९७२ साली आपल्या सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यात सुवर्णपदक आणलं. आप्पाला ह्यातलं पेटकरांचं तेवढं पाठ आहे.

माझं दुखणं ऐकायला आप्पा उत्सुकच होता. मी कळ कशी येते ते रंगवून सांगत होतो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लेका, तुला दुखतंय म्हणून तू हलतोस. मला कोण सांगणार हल म्हणून?"

मग त्याने मोबाईल दाखवला. दर वीस मिनिटांचा गजर. वाजला की दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकून अंग उचलायचं, नाहीतर पुढे वाकून, आधी ह्या बाजूला, मग त्या बाजूला कलायचं, चांगलं मिनिट-दोन मिनिटं. आता खाली हवेच्या कप्प्यांची उशी आहे, तिच्यात हवा किती हे वहिनी रोज सकाळी हात घालून तपासतात. रात्री लांब दांड्याच्या आरशात तो स्वतः दोन्ही जागा बघतो. पंधरा वर्षांत एकदाही चुकवलेलं नाही. नाही म्हणायला एकदा चुकलं, पुतणीच्या लग्नात, बँडच्या आवाजात गजर ऐकूच आला नाही. लाली दिसली तसा पठ्ठ्या पाच दिवस अंथरुणावर पालथा पडून राहिला, पूजेच्या दिवशीसुद्धा.

परवा पुन्हा गेलो होतो. दोघं ओट्यावर बसलो होतो, तो खुर्चीत, मी पायरीवर. उसाच्या भावावरून वाद रंगला होता. गजर वाजला. आप्पा बोलता बोलता हातांवर उचलला गेला, वाक्य न तोडता. मीही पायरीवर उजवीकडचा डावीकडे सरकलो. वहिनी दारातून बघत होत्या, म्हणाल्या, "भाऊजी, तुमचाही गजर लावून देऊ का?"

लावून घेतला. दुकानात वाजतो तेव्हा गिऱ्हाइकं दचकतात.