मोरिवलीतला मट

मट म्हणजे टर्मिनलात, नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर चालणारा मेल प्रोग्रॅम. इन्स्टॉल होतो मिनिटभरात. उघडला की मात्र रिकामा काळा पडदा. मेल कुठून आणायचा, कुणाच्या नावाने पाठवायचा, त्याला काहीच ठाऊक नसतं. सगळं एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आपण लिहून द्यायचं: आयमॅपचा सर्व्हर, पोर्ट ९९३, पाठवायला एसएमटीपी, पोर्ट ४६५ किंवा ५८७, ड्राफ्ट कुठे, पाठवलेले कुठे. एवढा धीर नसेल त्याने अल्पाइन हा तसाच दुसरा प्रोग्रॅम घ्यावा. कुठलं बटण काय करतं ते त्यात खालच्या दोन ओळींत कायम दिसत राहतं.

*

जीमेलचा नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही. नुसत्या नाव-पासवर्डावर आत येणाऱ्या प्रोग्रॅमांना गूगलने मे २०२२ च्या अखेरीस दार लावून घेतलं. आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा, मग सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड मिळतो, तो इथे घाला. फाइलमध्ये उघडा ठेवू नये, जीपीजीने कुलूप लावून ठेवावा. ज्या टेबलावर स्टोअरवाला, अकाउंटंट आणि ट्रान्सपोर्टवाला आळीपाळीने येऊन बसतात, तिथे तर नक्कीच.

*

अंबरनाथच्या मोरिवली एमआयडीसीतल्या लहान गाळ्याला येणारा मेल म्हणजे पीओ (खरेदीची ऑर्डर), ड्रॉइंगची पीडीएफ, त्याच ड्रॉइंगची सुधारित पीडीएफ, टेस्ट सर्टिफिकेट, ई-वे बिल, पेमेंटची आठवण, पुन्हा पेमेंटची आठवण. यात वाचण्यासारखं फारसं नसतं, शोधण्यासारखं खूप असतं. मट इथेच उपयोगी पडतो. 'एल' दाबायचं, टिल्ड-एफ आणि पार्टीचं नाव लिहायचं. यादीत फक्त तीच पार्टी उरते. पुढे टिल्ड-एस जोडून विषयातला शब्द, टिल्ड-बी जोडून मजकुरातला. समोर इन्स्पेक्टर उभा असतो आणि गेल्या दिवाळीच्या लॉटचं सर्टिफिकेट हवं असतं, तेव्हा ही तीन अक्षरं पाठ असलेली बरी.

*

लाइट जाणं इथे बातमी नाही. म्हणून मेल नुसता सर्व्हरवर न ठेवता एमबीसिंक या प्रोग्रॅमने कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतो, आणि तोही मेलडिर पद्धतीने. जुन्या एमबॉक्स पद्धतीत अख्खा फोल्डर म्हणजे एकच लांबलचक फाइल. लिहिता लिहिता वीज गेली तर शेपूट तुटतं, आणि कधी त्याच्या आधीचंही काही बिघडतं. मेलडिर डॅनियल बर्नस्टाइनने त्याच्या क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी काढला. त्यात प्रत्येक मेलची वेगळी फाइल आणि तीन कप्पे: टेंप, न्यू, कर. मेल आधी टेंपमध्ये पूर्ण लिहिला जातो, मगच न्यूमध्ये सरकतो. आपण पाहिला की करमध्ये. मध्येच अंधार झाला तर अर्धवट तुकडा टेंपमध्ये पडून राहतो, बाकीच्यांना धक्का नाही. ही रचना करताना अंबरनाथचा फीडर त्याच्या डोळ्यांसमोर नसणार, पण बेतून शिवल्यासारखी बसते.

*

एचटीएमएल मेल डब्ल्यूथ्रीएम या नुसती अक्षरं दाखवणाऱ्या ब्राउझरमधून गाळून वाचायचा. रंग, बॅनर, 'आमच्या सर्व ग्राहकांना शुभेच्छा' हे सगळं गळून जातं. चित्रं आपोआप उतरत नाहीत, त्यामुळे मेल उघडल्याची चहाडी करणारं अदृश्य चित्रही उतरत नाही. तोटा असा की काही कंपन्या अख्खा मजकूरच चित्रात घालून पाठवतात. त्यांचा मेल इथे कोरा दिसतो. त्यात बहुतेक वेळा काही नसतंच, तो भाग वेगळा.

*

'आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे पेमेंट नव्या खात्यात करावं.' लहान कारखानदारांना फसवायची ही ठरलेली रीत. फोनवर पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं, आणि नाव कुणालाही कुठलंही लावता येतं. मटमध्ये मेल उघडला की नावाशेजारी अख्खा पत्ता दिसतो, 'एच' दाबलं तर मेल कुठल्या सर्व्हरांतून फिरत आला तेही. लिंक्स या तशाच दुसऱ्या ब्राउझरने मजकूर गाळला तर 'येथे क्लिक करा'च्या आत दडलेला पत्ता तळाशी आकडा घालून छापला जातो. तरीही पैसे पाठवण्याआधी पार्टीला फोन करावाच. जुन्या नंबरवर, मेलमधल्या नव्हे.

*

हे सगळं जुनाट वाटतं, पण मुंबईत मेल आला तो याच वेषात. १९८० च्या दशकात जुहूच्या एनसीएसटी या संशोधन संस्थेत श्रीनिवासन रमणी आणि त्यांचे सहकारी एर्नेट हे संगणकांचं जाळं उभारत होते. एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात मेल सुरू झाला तो १९८६-८७ च्या सुमारास. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, व्हीएसएनएलकडून. ज्यांच्याकडे शेल अकाउंट होतं त्यांच्यासाठी इंटरनेट म्हणजे मॉडेमची किरकिर आणि मग अक्षरांचा पडदा: मेलला पाइन, वेबला लिंक्स. पत्ता 'जीआयएएसबीएम०१ डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन' असा, व्हिजिटिंग कार्डावर एका ओळीत मावता मावत नसे. पाइन सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला. आजचा अल्पाइन त्याचाच वारस. मटही १९९५ चाच, मायकेल एल्किन्सने लिहिलेला. सगळेच मेल क्लायंट टाकाऊ, हा त्यातल्या त्यात कमी टाकाऊ, अशी त्याची स्वतःचीच जाहिरात आहे.

त्या पडद्यावर मराठी माणसं मराठीत लिहीत होती, पण रोमन अक्षरांत. अमेरिकेतल्या मुलाला आई-बाबांची खुशाली त्याच लिपीत जायची.

*

आणि देवनागरी? मेलचे मूळ नियम सात बिटांचे, इंग्रजी अक्षरांपुरते. बाकीच्या लिप्यांना १९९२ मध्ये माइमने वाट करून दिली. 'नमस्कार' हा शब्द कॉम्प्युटर सात चिन्हांचा मोजतो: न, म, स, हलन्त, क, काना, र. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे २१. बेस६४ मध्ये गुंडाळलं की प्रवासात ती २८ इंग्रजी अक्षरं होतात. मट हे सगळं बिनचूक उलगडतो. अडतं टर्मिनलपाशी. टर्मिनल म्हणजे चौकटींचा कागद, एका चौकटीत एक अक्षर. हलन्ताला चौकट द्यायची की नाही, कान्याला किती द्यायच्या, यावर मट आणि टर्मिनल यांचं एकमत झालं नाही की ओळ सरकते, अर्धी पुसली जाते, मागच्या मेलचं शेपूट पुढच्याला चिकटतं. अनेक टर्मिनलांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते आणि जोडाक्षरं फुटतात. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये, देवनागरी होती. एवढ्या वर्षांनीही टर्मिनलात तिला धड बसायला जागा नाही, याचा मला राग येतो. इंग्रजी पीओ झरझर वाचून होते आणि मावशीचा मेल अडखळतो.

युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत लिहिलेला जुना मजकूर तर इथे निव्वळ रोमन गिचमिड. तिथे मटचा दोष नाही. खाली कोड इंग्रजी अक्षरांचेच होते, फॉन्टने वरून मराठी आकार चढवले होते.

सध्याची सोय अशी की एक बटण ठरवून दिलं आहे, ते दाबलं की मराठी मेल साध्या एडिटरच्या खिडकीत उघडतो. तिथे अक्षरं नीट जुळतात. यादीतल्या विषयाच्या ओळी अजून वाकड्याच.

*

मेल पुसायला 'डी' दाबलं तरी तो लगेच जात नाही, फक्त खूण होते. 'यू' दाबलं की खूण निघते. डॉलरचं चिन्ह दाबलं, किंवा बाहेर पडताना होकार दिला, तरच तो खरा जातो. अकाउंटंटना सांगून ठेवलं आहे: शुक्रवारी एमआयडीसी शांत असते, तेव्हा जाहिराती हव्या तेवढ्या काढा, पण बंद पडलेल्या पार्ट्यांच्या मेलना हात लावू नका. त्यांच्याकडून पैसे यायचे आहेत.