लासलगावची कांदाचाळ

मनमाडहून मुंबईकडे निघाले की निफाडच्या अलीकडे लासलगाव हे स्थानक लागते. नाशिक जिल्ह्यातील या गावाचे नाव भारतभरच्या स्वयंपाकघरांशी जोडलेले आहे. येथील बाजार समिती १९४७ सालची. कांद्याने भरलेल्या वाहनांच्या रांगा आणि त्यांच्यापाशी पुकारला जाणारा लिलाव, हे येथील नित्याचे दृश्य होय.

परंतु या प्रदेशाचे मर्म जाणावयाचे असेल, तर बाजार सोडून शेताकडे वळले पाहिजे. घरालगत लांबट, अरुंद, जमिनीपासून उचललेली जी वास्तू दिसते, तीच कांदाचाळ. तिच्या भिंती फटी राखून ठोकलेल्या पट्ट्यांच्या. खालून व दोन्ही बाजूंनी वारा खेळावा, अशी रचना. एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळ कांदा पातीसह सुकवून, पात कापून तिच्यात भरतात. पावसाळ्यानंतर नवा कांदा येईपर्यंत देशाची बरीचशी भिस्त याच साठ्यावर असते.

चाळीतला कांदा मात्र स्वस्थ बसत नाही. तो श्वास घेतो, वाळतो, वजनाने घटतो. दमट हवेत त्यावर काजळी धरते, सड लागते. पुढे कोंब फुटतात. चार-सहा महिन्यांत साठ्याचा तिसरा हिस्सा गमावणे, ही येथे नवलाची गोष्ट नव्हे. म्हणून शेतकऱ्यापुढे दरवर्षी पेच उभा राहतो : मे महिन्यात मिळेल त्या भावाने विकावे, की भाव चढेल या आशेने सड सोसावी? भाव चढलाच नाही, तर मालही गेला आणि दामही.

हे नुकसान केवळ पैशाचे नव्हे. सडलेल्या कांद्याबरोबर विहिरीचे पाणी, खत, वीज व माणसांचे श्रमही उकिरड्यावर जातात. ढिगात कुजताना मिथेन वायू निघून हवेचा ताप वाढतो, तो वेगळाच.

भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली लासलगावी ‘कृषक’ हे विकिरण केंद्र सुरू केले. गॅमा किरणांनी कोंब रोखता येतात; सड मात्र त्यांनी थांबत नाही. तिच्यावर इलाज जुनाच : पुरते सुकवणे, आणि जखमी वा जाड मानेचा कांदा चाळ भरण्यापूर्वीच वेगळा काढणे. एक नासका आंबा आढी नासवतो, तसाच एक कांदा चाळ. आणि एकदा चाळ भरली, की ढिगाच्या पोटात हात पोहोचत नाही.

या साखळीचे शेवटचे टोक आपल्या घरी आहे. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलेला कांदा चार दिवसांत घामेजतो. हवेशीर टोपलीत तोच कितीतरी दिवस टिकतो. शेतकऱ्याने वाऱ्यावर राखलेले धन गृहिणीनेही वाऱ्यावरच राखावे, हे उत्तम.