काला अंब : आंब्याच्या झाडाखालची भयकथा

दिल्लीहून अंबाल्याच्या रस्त्याला लागले की सुमारे ९० किलोमीटरवर पानिपत येते. आजचे पानिपत म्हणजे चादरी, सतरंज्या आणि ब्लँकेटचे गाव. जुने लोकरी कपडे पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढणारे कारखाने, रस्त्याच्या कडेला पचरंगा लोणच्याच्या पाट्या आणि ट्रकची न संपणारी रांग. मराठी प्रवासी मात्र या गावाची पाटी दिसताच जरा गप्प होतो. परीक्षेत नापास झालेल्या मुलापासून निवडणुकीत पडलेल्या पुढाऱ्यापर्यंत ज्याचे त्याचे 'पानिपत' करून टाकण्याची आपली सवय आहे. तो शब्द रस्त्याच्या पाटीवर साध्या अक्षरांत लिहिलेला पाहून चमकायला होते.

शहरापासून आठेक किलोमीटरवर काला अंब आहे. (हिमाचलच्या सीमेवर याच नावाचे एक औद्योगिक गाव आहे. टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना 'पानिपतवाला' असे आवर्जून सांगावे.) विटांचा एक स्तंभ, भोवती लोखंडी कुंपण आणि बाग. आंब्याचे ते झाड आता नाही. ते फार पूर्वीच वाळून गेले. पाहण्यासारखे म्हणावे तर इथे फारसे काही नाही, आणि तरीही माणूस इथे रेंगाळतो. याला कारण झाडाची गोष्ट.

ही गोष्ट त्या भागात कोणीही सांगेल. १७६१च्या लढाईत इथे इतके रक्त सांडले की जमीन काळी पडली. ते रक्त मुळांनी शोषले, आंब्याचे खोड काळवंडले आणि त्याची फळे कापली की आत लालभडक रस निघू लागला. अभ्यासू मंडळी सांगतात की, दाट पानोऱ्याचा जुना आंबा लांबून काळाच दिसतो, नाव त्यावरूनच पडले असावे. हे स्पष्टीकरण बहुधा खरे आहे. पण घरी परतल्यावर ते कोणी कोणाला सांगत नाही. सांगतात ती लाल रसाचीच गोष्ट. अडीचशेहून अधिक वर्षे झाली, झाडही गेले, तरी तिचा अंगावर काटा आणण्याचा गुण कमी झालेला नाही.

भयकथा का टिकतात, या प्रश्नाचे उत्तर शोधायला म्हणूनच काला अंबसारखी जागा दुसरी नाही.

१४ जानेवारी १७६१, बुधवार. मराठ्यांच्या छावणीची रसद कित्येक आठवडे तुटलेली होती. उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरू, असे ठरवून सैनिक चेहऱ्याला हळद फासून पहाटे बाहेर पडले. समोर अहमदशहा अब्दाली, नजीबखान रोहिला आणि अयोध्येचा शुजाउद्दौला. मराठ्यांच्या सैन्यामागे तीर्थयात्रेसाठी आलेल्या बायका, म्हातारी माणसे, मुले असा हजारो बिनलढाऊंचा जमाव. दुपारपर्यंत इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी पारडे मराठ्यांकडे झुकवले होते. मग पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव गोळी लागून पडला. ते कळताच सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. मागे राहिली ती रिकामी अंबारी. ती पाहून सैन्याचा धीर सुटला. 'भाऊगर्दी' हा आपला रोजचा शब्द त्याच दिवसाची आठवण देतो.

संक्रांतीच्या दिवशीच मराठ्यांवर संक्रांत कोसळली, असे आपण सरसकट म्हणतो. सूर्याच्या मकर प्रवेशाची तारीख शतकागणिक थोडी पुढे सरकते. त्यामुळे १७६१ साली संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येऊन गेलेली होती. पण लोकांच्या मनाने ती चार दिवस पुढे ढकलून लढाईच्या माथ्यावर आणून बसवली. आंब्याचा रस लाल करणारे मन तेच.

विश्वासरावांचा देह सापडला, त्यावर रीतसर अंत्यसंस्कार झाले. भाऊंचे काय झाले? शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लढाईची हकीकत लिहून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी प्रेतांच्या राशींत शोध घेतला गेला. शिर नसलेले एक धड सापडले. अंगावरच्या खुणांवरून ते भाऊंचे ठरले आणि त्याला अग्नी दिला गेला. काशीराजाच्या दृष्टीने प्रकरण तिथे संपले. पण पुण्यातल्या माणसांनी ते धड पाहिले नव्हते. बिनशिराच्या देहाची ओळख, तीही परमुलखात, दुसऱ्याने पटवलेली! ज्याचे माणूस गेले त्याला हे कसे पटावे?

पेशवे नानासाहेब खचले आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये पर्वतीवर वारले. भाऊंची पत्नी पार्वतीबाई लढाईच्या वेळी छावणीतच होती. काही विश्वासू माणसांनी तिला रणातून बाहेर काढले आणि ती पुण्याला सुखरूप पोहोचली. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यावर अंत्यसंस्कार करण्याचा पालाशविधी आपल्या शास्त्रात आहे. हरवलेल्याचा हिशेब मिटावा म्हणून पूर्वजांनी केलेली ती सोय. पार्वतीबाईने तो हिशेब मिटवू दिला नाही. तिने अखेरपर्यंत कुंकू पुसले नाही. शनिवारवाड्याच्या दरवाजात घोड्यांच्या टापा वाजल्या की तिच्या मनात काय होत असेल, ते कोणत्याही बखरीत नाही. पण त्याची कल्पना करायला बखर लागत नाही.

आणि मग भाऊ 'परत आले'. बुंदेलखंडात सुखलाल नावाचा एक कनोजा ब्राह्मण, मीच सदाशिवराव, असे सांगत उभा राहिला. चेहरामोहरा मिळताजुळता. १७६५ साली त्याला पकडून पुण्याला आणले. चौकशीत त्याचे सोंग उघड झाले आणि थोरल्या माधवरावांनी त्याला कैदेत टाकले. पुढे त्याची रवानगी रत्नागिरीच्या किल्ल्यात झाली. १७७६ मध्ये तिथला सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला सोडून दिले, आणि पाहता पाहता हजारोंची फौज त्याच्यामागे उभी राहिली. कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा पराभव केला. गलबतातून पळत असता तो कुलाब्याच्या आंग्र्यांच्या हाती लागला आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले.

पंधरा वर्षांपूर्वी मेलेल्या माणसामागे हजारो लोक शस्त्र घेऊन कसे गेले? काही लुटीसाठी गेले असतील, काही नाना फडणविसांवरच्या रागापोटी. पण बरेचसे गेले ते भाऊ परत यावेत असे मनातून वाटत होते म्हणून. मेलेला माणूस परत आला तर भीती वाटते, आणि तो परत यावा अशी इच्छाही असते. या दोन भावनांची गाठ जिथे बसते, तिथेच भयकथा सुरू होते.

योगायोग असा की, इकडे तोतया बुंदेलखंडात हिंडत होता त्याच सुमारास, १७६४च्या अखेरीस, लंडनमध्ये एक पुस्तक बाहेर पडले : 'द कॅसल ऑफ ओट्रँटो'. पाश्चात्त्य भयकादंबरीचा जन्म या पुस्तकापासून मानतात. त्यात एक जुना किल्ला आहे. गादी बळकावणाऱ्याचा मुलगा लग्नाच्या दिवशीच आकाशातून पडलेल्या राक्षसी शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो, आणि दडपलेला खरा वारस शेवटी पुढे येतो. त्याहून गंमत म्हणजे ते पुस्तक स्वतःच तोतया होते! एका जुन्या इटालियन ग्रंथाचे हे भाषांतर आहे, अशी बतावणी करून ते छापले गेले. खप चांगला झाला तेव्हा १७६५च्या दुसऱ्या आवृत्तीत होरेस वॉलपोल यांनी कबूल केले की, हे माझेच लिखाण. पुण्यात एका तोतयाचे सोंग उघडे पडले तेही याच साली.

पुढे १८१८ साली मेरी शेलीचा 'फ्रँकेन्स्टाइन' आला, १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला'. यातला ड्रॅक्युला काला अंबच्या फार जवळचा. त्या कादंबरीत काउंट आपल्या पाहुण्याला सांगतो की, या मुलखातली माती आक्रमकांच्या आणि रक्षणकर्त्यांच्या रक्ताने भिजलेली आहे. लंडनला जाताना तो आपल्या भूमीच्या मातीने भरलेल्या पेट्या बरोबर नेतो, कारण त्या मातीशिवाय त्याला विसावा नाही. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या स्टोकरने काला अंबची गोष्ट ऐकली असण्याचे कारण नाही. पण रणांगणाची माती विसरत नाही, ही समजूत दोन्हीकडे सारखीच उगवली.

आपल्याकडची भुते तर या बाबतीत फारच शिस्तीची. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधीच गेला तो मुंजा, त्याचे घर पिंपळावर. बाळंतपणात गेलेली ती अळवंत. धनावर किंवा घरावर जीव अडकलेला तो समंध. कोकणातल्या आजीला विचारले तर ती ही यादी वाण्याच्या सामानासारखी म्हणून दाखवते. नीट पाहिले तर ही यादी भुतांची नाहीच, ती अपुऱ्या राहिलेल्या गोष्टींची आहे. कोणाचे लग्न राहिले, कोणाचे मूल, कोणाचे क्रियाकर्म. गावाने आपल्या दुःखांना नावे देऊन झाडांवर बसवले. आता पानिपतावर एका दिवसात किती हजारांचे काय काय राहून गेले असेल, त्याची यादी कोणत्या आजीला येणार? तिथे एकच झाड काळे करावे लागले.

पुण्यातही असेच एक ठिकाण आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले. हा विश्वासरावांचा धाकटा भाऊ. अमावास्येच्या रात्री वाड्यात काकाला घातलेली त्याची हाक ऐकू येते, असे सांगतात. इथे देह होता, मारेकरी माहीत होते, संशय कोणावर तेही सर्वांना ठाऊक होते. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, पण ते घेतले कोणी नाही. मिटला नाही तो न्याय. म्हणून ती हाक अजून लोकांच्या कानात आहे. एकाच घरातले दोन भाऊ आणि दोघांच्या नावाने दोन ठिकाणी भीतीची वस्ती. मराठी लेखकांना भय परदेशातून आणावे लागले असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

नारायण धारपांनी परदेशी कथांचा आधार घेतला हे खरे. त्यांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली. पण धारपांचे भय येते ते वाड्याच्या माजघरात, बंद खोलीत, नव्या भाडेकरूंच्या बिऱ्हाडात. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत तर कित्येकदा भूत नसतेच, शेजारचे साधेसे माणूसच शेवटच्या ओळीत अंगावर येते. धारप २००८ मध्ये गेले, मतकरी २०२० मध्ये. दोघांची पुस्तके आजही वाचनालयात हातोहात फिरून पानांचे कोपरे मऊ झालेली दिसतात. धारपांच्या कथेपासून स्फूर्ती घेतलेला 'तुंबाड' हा चित्रपट २०१८ साली आला तेव्हा बेताचाच चालला. २०२४ मध्ये तो पुन्हा लावला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी खेचून गेला.

मुलांना अशी पुस्तके द्यावीत की नाही, यावर घरोघरी वाद होतात. लहानग्यांच्या हाती रात्री झोपताना 'ड्रॅक्युला' देऊ नये, हे उघड आहे. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाने गोधडी डोक्यावर घेऊन घाबरत घाबरत पुस्तक पुरे केले, तर काही बिघडत नाही. पुस्तकातल्या भीतीला शेवटचे पान असते. पार्वतीबाईच्या वाट्याला आलेल्या भीतीला ते नव्हते. वाचकाने वाचावे आणि पुस्तक मिटून दिवा मालवावा, एवढी सोय वॉलपोलपासून धारपांपर्यंत सर्वांनी केली आहे. इतिहास ती करत नाही.

काला अंबला जायचे तर थंडीत जावे. मात्र जानेवारीत सकाळी उशिरापर्यंत धुके असते, तेव्हा दिल्लीहून फार पहाटे निघण्यात अर्थ नाही. १४ जानेवारीला महाराष्ट्रातून आलेली मंडळी इथे जमतात, शौर्य दिन पाळतात. त्या दिवशी स्तंभाभोवती फुले, झेंडे आणि मराठी बोलणे असते. एकांत हवा असेल तर एखादा दिवस मागेपुढे करावा. पानिपत शहरात १५२६च्या पहिल्या लढाईत पडलेल्या इब्राहिम लोदीची कबर आहे, बाबराने बांधलेली काबुली बाग मशीद आहे. संग्रहालयालाही वेळ ठेवावा. काळ्या आंब्याच्या लाकडाची म्हणून दारांची एक जोडी तिथे दाखवतात. लाकूड काळपटच आहे, पण जुने सागवानही तसेच दिसते. तरीही बहुतेक जण त्यावरून एकदा हात फिरवू पाहतात आणि मग तो हात उगाच रुमालाला पुसतात.