सर्पगंधा आणि डॉक्टर वकील

आमच्या अब्बांचा हकीमसाहेबांच्या पुडीवर भारी भरवसा. ब्लडप्रेशर निघाले तेव्हा डॉक्टरांनी रोजची एक गोळी लिहून दिली. अब्बा गोळी घेत आणि वर पुडीही घेत. आम्ही पडलो बी.एड. झालेले मास्तर. एके दिवशी त्या पुड्या त्यांच्यादेखत मोरीत टाकल्या आणि चार शब्द सुनावले. अब्बा काही बोलले नाहीत. पुढे त्यांनी गुपचूप गोळीही सोडली. अम्मीला तेवढे म्हणाले, "दुखताच नई तो गोली कायकू खाना?"

एका पहाटे फजरच्या वजूला बसले आणि हातातला लोटा सुटला. तोंड वाकडे झाले. हिंगोलीहून नांदेडपर्यंतचा तो रस्ता आम्ही जन्मात विसरणार नाही. जीव वाचला, उजवा हात मात्र गेला. गल्लीतले म्हणाले, अल्लाची मर्जी. आमच्या डोळ्यांपुढून ती मोरी हलेना.

पुढच्या वर्षी वर्गात दौरान-ए-खूनचा धडा चालू असताना एका मुलीने विचारले, "सर, बीपीकी दवा सबसे पहले कौन बनाया?" उत्तर येत नव्हते. शोधायला बसलो आणि मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील भेटले.

१९११ साली जन्मलेला हा पारशी माणूस लंडनहून वैद्यकी शिकून आला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात हृदयरोग्यांना तपासू लागला. रक्ताचा दाब वाढला की हृदयाला रात्रंदिवस जादा जोर लावावा लागतो. ते थकते, मेंदूची नस फुटते किंवा तुंबते. आणि रोग्याला बहुधा काही दुखत नाही. त्या काळी यावर कामाचे असे औषध नव्हते. आपल्याकडे मात्र वैद्य-हकीम पिढ्यान्‌पिढ्या सर्पगंधेची मुळी देत आले होते, झोपेसाठी, वेडावर. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी त्या मुळीतली द्रव्ये वेगळी केली. त्यांतल्या एकाला हकीम अजमल खानांच्या नावावरून 'अजमलीन' हे नाव दिले. बंगालच्या डॉक्टरांनीही ती मुळी रक्तदाबावर वापरून त्यावर लिहिले होते.

वकिलांनी ही मुळी हसण्यावारी नेली नाही, आणि आंधळेपणाने गिळलीही नाही. वर्षानुवर्षे ती रोग्यांना दिली. दाब मोजला, टिपला, पुन्हा मोजला. १९४९ साली पन्नास रोग्यांचा हिशेब त्यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला. कोणाला किती उतार पडला आणि कोणाला काय त्रास झाला, तेही त्यात सांगितले. तो वाचून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मुळी मागवली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन निघाले आणि रक्तदाबाची गोळी जगभर गेली. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, १९५८ साली पद्मभूषण. १९७४ साली ते गेले. रिसर्पिनने काहींचे मन खचते हे पुढे कळले, त्याहून चांगल्या गोळ्या आल्या. पण वाट उघडली ती या माणसाने.

हे वाचून आम्हाला आमचीच लाज वाटली. एवढा मोठा डॉक्टर हकिमाच्या मुळीसमोर बसून आधी मोजमाप करतो. आणि आम्ही? पुडीत काय आहे ते विचारले नाही, गोळी कशासाठी ते समजावले नाही. सरळ मोरी दाखवली. पुडीबरोबर अब्बांची इज्जतही आम्ही वाहून टाकली होती. मग आमचे त्यांनी का ऐकावे?

एका संध्याकाळी मगरिबनंतर अब्बांजवळ बसून सगळे सांगितले. अजमल खानांचे नाव आले तेव्हा त्यांनी मान वर केली.

"मतलब हकीम गलत नई था?"

"नई अब्बा. लेकिन हकीमसाबने नापा नई. डॉक्टरने नापा." मग आम्ही पुड्यांबद्दल माफी मागितली.

अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग डाव्या हाताने कुर्त्याची बाही सरकवायला लागले. एका हाताला जमेना, आम्ही मदत केली.

"चल," ते म्हणाले, "तू बी नाप."