घड्याळ आणि धाप

मुरबाडहून म्हसामार्गे धसईला पोहोचले की सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते. गोरखगडावर जाणारी मुले येथे उतरून देहरीची जीप धरतात. आम्हांला गड चढायचा नव्हता. सत्तर वर्षांचे माझे सासरे आणि मी, नातलगांकडे चार दिवसांचा मुक्काम, आणि सकाळी कापणी झालेल्या भातखाचरांच्या कडेने फिरणे, एवढाच बेत होता.

बाबांच्या मनगटावर नातवाने दिलेले घड्याळ होते. 220 मधून वय वजा करावे, उरलेल्या 150 च्या साठ ते सत्तर टक्के, म्हणजे 90 ते 105 ठोके, ही मर्यादा त्यानेच आखून दिली होती. (2016 साली रोकडरहित गाव म्हणून गाजलेल्या धसईत यंत्रावरच्या आकड्याचे अप्रूप कोणाला असणार!) दुसऱ्या दिवशी एका लहानशा चढावर बाबांचे बोलणे मध्येच तुटले. थंडीतही कपाळावर घाम होता. मी थांबा म्हणताच त्यांनी मनगट पुढे केले.

"अगं, ब्याण्णवच तर आहेत."

मी त्यांना मोरीच्या कठड्यावर बसवले. छातीत जड वाटते का, असे दोनदा विचारल्यावर "थोडेसे" असे उत्तर आले. गाडी मागवून आम्ही तडक रुग्णालय गाठले. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा निघाला.

उलगडा औषधांच्या डबीत होता. रक्तदाबासाठी ते मेटोप्रोलॉल घेत. हे औषध ठोके फारसे वाढू देत नाही; श्रम जास्त झाले तरी आकडा त्या मानाने शांतच दिसतो. शिवाय 220 चे ते सूत्र सरासरीचे आहे. समवयस्कांतही दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

नाडी पाहून धावावे की अंगाच्या जाणिवेने, हा वाद मॅरेथॉन धावणाऱ्यांत नेहमी रंगतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी या जाणिवेसाठीच 6 ते 20 अशी मोजपट्टी तयार केली. तीत 11 म्हणजे हलके श्रम, 13 म्हणजे काहीसे कष्टाचे. नाडी दाबून ठेवणारी औषधे घेणाऱ्यांना ही पट्टी किंवा चालताना बोलता येते का, ही साधी कसोटी अधिक उपयोगी पडते. मात्र जाणीवही फसवते. मधुमेह्यांना कधी छातीत दुखतच नाही, आणि आपल्याकडचे वडीलधारे धाप लागली तरी "वयच झाले" म्हणून ती लपवतात. विश्रांतीच्या वेळची नाडी काही दिवस सतत चढी राहिली, तर ते घड्याळच आधी सांगते. म्हणून आम्ही ते काढून ठेवलेले नाही.

पुढच्या हिवाळ्यात, डॉक्टरांच्या परवानगीने, आम्ही पुन्हा धसईला गेलो. चढ येईपर्यंत बाबा मला भाताच्या जुन्या वाणांविषयी सांगत होते. वाक्य तुटू लागताच ते आपणहून त्याच मोरीवर बसले, आणि घड्याळाकडे न पाहता उरलेले वाक्य त्यांनी पुरे केले.